पंपघराच्या दारावरचे सद्गुण

रागीट माणसाला गावाचं पाणी सोडायचं काम देऊ नये, असा ग्रामपंचायतीचा काही नियम नाही. असता, तर इनासमामाला ती नोकरी मिळाली नसती आणि आमचं गाव कितीतरी वर्षांच्या फुकट करमणुकीला मुकलं असतं.

मामा मूळचा कोर्लईकडचा. माझ्या आईचं माहेर त्याच गावात, दोघं चौथीपर्यंत एका वर्गात. आई लग्न होऊन मुरुड-रेवदंडा रस्त्यावरच्या आमच्या गावात आली, आणि काही वर्षांनी हाही इथल्याच फिलूमामीशी लग्न करून आला. मामीच्या आईवडिलांना दुसरं कोणी नव्हतं म्हणून इथेच राहिला. माहेरचा माणूस म्हणून आईने त्याला भाऊ मानला. मग तो आमचा मामा झाला, आणि आमचा मामा म्हणून हळूहळू सगळ्या गावाचा. गावात ख्रिस्ती घरं सात, बाकी आम्ही आगरी आणि थोडे कोळी. पण भाऊबीजेला आईने मांडलेल्या पाटावर पहिला बसणार तो इनासमामा, गळ्यात क्रूस आणि ओवाळताना टोपी हवी म्हणून डोक्यावर माझी शाळेची टोपी.

अंगाने बुटका आणि रुंद. तरुणपणी कबड्डीत कोपऱ्यावर खेळायचा. त्याने एकदा घोटा धरला की चढाईला आलेल्याने घरी निरोप पाठवावा. त्या नादात डाव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली ती तशीच राहिली. खेळणं सुटल्यावर तो पंच झाला. अख्ख्या किनाऱ्यावर, मुरुडपासून श्रीवर्धनपर्यंत, स्पर्धा कोणाचीही असो, अंतिम सामन्याला इनास सर हवेत म्हणजे हवेत. मी त्याच्याबरोबर गुणलेखक म्हणून जायचो. माझा टेम्पो आहे, मासळीच्या बर्फाच्या फेऱ्या करतो. त्यामुळे पंचाला न्यायचं-आणायचं आणि टेबलावर बसून गुण लिहायचे, अशी दोन्ही कामं माझ्या गळ्यात पडली. खोटं कशाला बोलू, मला ती आवडायची.

आता पाण्याचं बघा. गावात पाच आळ्या, पाच व्हॉल्व्ह, आणि रोज सकाळी प्रत्येक आळीला पंचवीस मिनिटं पाणी. एवढंच काम. पण उन्हाळ्यात विहीर खाली गेली की या पंचविसाची पंधरा मिनिटं व्हायची. मग ज्याच्या हातात व्हॉल्व्हची चावी, त्याला गाव एक तर देव मानतं नाहीतर दुष्मन. मामाला दोन्ही मानायचे, आळीप्रमाणे.

आणि मामाचा राग म्हणजे राग. आधी कान लाल व्हायचे. कान लाल झालेले दिसले की बायका हंडे उचलून दोन पावलं मागे सरकायच्या. हा राग त्याला स्वतःलाच सोसवत नव्हता. त्यानेच सांगितलेली गोष्ट: एकदा चर्चमध्ये पापं सांगायला गेला आणि फादरसमोर कोणाकोणावर रागावलो त्याची यादी सुरू केली. यादी संपेना. मागे रांग वाढत गेली, एक म्हातारी रांगेतच खाली बसली. शेवटी फादर म्हणाले, "इनास, सगळं एकदम सुधारायला जाऊ नकोस. महिन्याला एक सद्गुण धर आणि तेवढाच सांभाळ."

मामाने ते आदेश म्हणून घेतलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की तो थेट पंपघरात यायचा आणि दारावर खडूने एक शब्द लिहायचा. सौम्यता. नाहीतर आनंद. नाहीतर नम्रता. आपल्यालाच दिसावं, जगाला कशाला, म्हणून दाराच्या आतल्या बाजूला लिहायचा. पण पंपघराचं दार दिवसभर सताड उघडं, बाहेरच्या भिंतीला टेकवलेलं. त्यामुळे आतली बाजू रस्त्यावर. एसटीतून जाणारे लोकसुद्धा वाचायचे. हे मामाच्या लक्षात कधी आलं नाही आणि आम्ही कोणी सांगितलं नाही.

गावाने त्याचा पुरेपूर फायदा घेतला. बायका आधी दार वाचायच्या आणि मग भांडण ठरवायच्या. वरच्या आळीची जनीआते तर त्यातली मुकादम. सौम्यता लिहिलेली दिसली की ती पहिल्याच सकाळी हजर.

"इनास, काल आमच्याकडं पाणी आठ मिंटं कमी आलं."

"पंधराच सोडलं, आते. घड्याळ लावून."

"तुझं घड्याळ तुझ्यासारखंच. नुसतं गरम व्हतं, चालत न्हाय."

कान लाल. मामा डोळे घट्ट मिटायचा, ओठ हलायचे, "येशू, धर मला." अर्धा क्षण तसाच. मग डोळे उघडून म्हणायचा, "बरं, आते. उद्या बघतो." आणि शांतपणे पंपघराच्या मागे जायचा. तिथे एक जुनी, कोरडी पडलेली सिमेंटची टाकी होती. मामा तिचं झाकण उचलायचा, डोकं आत घालायचा आणि जनीआतेला जे काही सांगायचं राहिलं होतं ते सगळं त्या टाकीत सांगायचा. त्याला वाटायचं, आत घातलं म्हणजे आत राहिलं. टाकी रिकामी होती. आत घातलेला शब्द दुप्पट होऊन बाहेर यायचा आणि खालच्या आळीपर्यंत ऐकू जायचा. जनीआते हंडा कमरेवर घेऊन समाधानाने ऐकत उभी राहायची आणि शेजारणीला म्हणायची, "बघ, माझ्याशी कसा गोड बोलला."

सद्गुणाबद्दल त्याचं एक ठरलेलं भाषण होतं, तीन वाक्यांचं. "सद्गुण म्हंजे चढाई हाय रं बाळू. दम धरलास तवर तू आत. दम तुटला का बाद, मग उठायचं आन परत जायाचं." मी विचारायचो, "मामा, तू किती वेळा बाद झालास?" तो म्हणायचा, "आज का या महिन्यात?"

सौम्यतेचा महिना गावाला सोयीचा. खरेपणाचा महिना मात्र भयंकर. तेव्हा लोक मामाच्या वाटेला जायचे नाहीत. नवं लुगडं नेसून बाई त्याच्यासमोरून जायची नाही. मीसुद्धा नवा टेम्पो घेतला तेव्हा महिना उलटेपर्यंत त्याला दाखवला नव्हता. आणि नेमक्या त्याच महिन्यात माझ्या धाकट्या भावाला, किशाला, बघायला म्हसळ्याहून पाहुणे मुलीसकट आले. आम्ही घरात पोह्यांच्या तयारीत. पाहुणे रस्ता विचारायला पंपघराशी थांबले, आणि मुलीचा बाप शहाणा, त्याने जाता जाता विचारलं, "किशोर पोरगा कसा हाय हो?"

मामाने दाराकडे बघितलं. शब्द लिहिलेला होता. नाइलाज झाला.

"पोरगा सोन्यासारखा," मामा म्हणाला. "कबड्डीत त्याच्यासारखा चढाईवाला तालुक्यात न्हाय. व्यसन न्हाय. पण सकाळी धाच्या आत उठत न्हाय, आन आईनं हाक मारली तर उशी कानावर घेतो."

पाहुणे आमच्याकडे आले ते गंभीर चेहऱ्याने. काय झालं ते कळल्यावर आईने कपाळावर हात मारला. मी मामाच्या नावाने बोटं मोडायला लागलो. तेवढ्यात मुलगी, म्हणजे आताची माझी भावजय, पोह्याची बशी खाली ठेवून बापाला म्हणाली, "बाबा, मी तरी कुठं नवाच्या आधी उठते?" लग्न जमलं. बोहल्यावर किशा मामाच्या पाया पडला आणि म्हणाला, "मामा, तू वाचवलंस का मारलंस तेच कळत न्हाय."

नम्रतेचं तर त्याला कधी जमलंच नाही. एकदा रोह्याच्या बाजूला स्पर्धा होती, तिथे त्याचा शाल-नारळ देऊन सत्कार ठरला. महिना नम्रतेचा. नाव पुकारलं आणि मामा गायब. माईकवरून वीस वेळा हाका गेल्या. शेवटी दोन पोरांनी त्याला आईसफ्रूटच्या गाडीमागून ओढून आणलं. सगळं मैदान टाळ्या वाजवायला उभं राहिलं, पाहुण्या आमदारासाठीही इतके उठले नव्हते. परत येताना तो टेम्पोत शाल मांडीवर घेऊन बसला होता. रोहा मागे गेल्यावर म्हणाला, "बाळू, मी लपलो ते नम्र म्हणून न्हाय रं. शोधावं म्हणून लपलो." माझं हसू आवरेना. तो मात्र खरंच दुखावला होता, स्वतःवर. पुढच्या वेळी नाव पुकारल्याबरोबर गेला, शाल घेतली, खाली येऊन बसला आणि ती शाल मामीने इस्त्रीखाली घातली.

फिलूमामीचं या सगळ्यावर एक मत होतं. "प्रीतीचा महिना आला का हे साऱ्या गावावर प्रीती करत फिरतात. दळण काय माझं चुकत न्हाय." पण रविवारी खडू संपलेला असला तर तीच शाळेच्या बाईंकडून मागून आणायची.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते सांगतो.

त्या वर्षी आमच्या गावाची स्पर्धा होती. अंतिम सामना संध्याकाळी पाचला, आमचा संघ आणि खाडीपल्याडच्या गावाचा. आमच्याच गावात आमचाच पंच कसा, असं कोणी विचारलं नाही. उलट खाडीपल्याडच्यांनीच म्हटलं, इनास सर असतील तर आमची हरकत नाही. एवढं त्याचं नाव. दारावर तेव्हा सहनशीलता लिहिलेली होती.

त्यांच्याकडे सागर नावाचा पोरगा होता, बावीस-तेवीसचा, काकाच्या होडीवर जाणारा. हरणासारखा पाय. जिल्ह्याच्या संघात एक जागा राहिली होती आणि ती बघायला निवड करणारे दोघं जण पहिल्या रांगेत बसले होते. जिल्ह्याकडून खेळला की कुठेतरी कायमची नोकरी लागते, होडी सुटते. हे सागरला माहीत होतं, त्याच्या आईला माहीत होतं, आणि आम्हालाही.

शेवटची चढाई. गुण समान. सागर आला, आमच्या कोपऱ्यावरच्या पोराला हात लावला आणि बाजूच्या रेघेला घासून वाकडा होत परत गेला. मामाची बाजू ती. आणि बरोबर त्याच वेळी गर्दीतून कोणीतरी, आमच्याच गावचं, मामाच्या मेलेल्या आईवरून घाण शिवी हासडली. आधीचा एक गुण मामाने आमच्याविरुद्ध दिला होता, त्याचा राग.

मामाचे कान लाल झाले. त्याने डोळे मिटले. येशू, धर मला. अर्धा क्षण. डोळे उघडले तेव्हा सागर पलीकडे पोचला होता आणि रेघेवरची पांढरी फक्की बाहेरच्या अंगाला फिसकटलेली होती. मामाने ती फक्की बघितली आणि हात वर केला. चढाईवाला बाद.

सागर एकदा आपल्या पायाकडे बघत राहिला आणि मुकाट बाहेर गेला. खाडीपल्याडचा एकही माणूस भांडला नाही. इनास सरांनी दिलं म्हणजे गेला असणार. दहाबारा जण मोबाईलवर शूटिंग करत होते, पण नेमक्या त्या क्षणी सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आली होती ती मामाची रुंद पाठ. आम्ही एका गुणाने जिंकलो. अकरा वर्षांनी कप गावात राहिला.

गडबडीत मामा माझ्या टेबलाशी आला, खाली वाकला आणि म्हणाला, "बाळू, माझे डोळे मिटले व्हते. फक्की आपल्या पोराच्या पायानं फिसकटली असंल. मला दिसलंच न्हाय."

मी काय करायला हवं होतं ते मला आज कळतं. तेव्हा मी त्याचं मनगट धरलं आणि म्हटलं, "मामा, गप ऱ्हा. पंचाचा निर्णय अंतिम, नियमातच हाय. आन तुला दिसलं न्हाय म्हंजे पाय गेला नसंलच असं थोडंच हाय? आता बोललास तर गाव तुला फाडून खाईल." हे सगळं मी त्याच्या काळजीने बोललो असं मला तेव्हा वाटत होतं. माझे डोळे मात्र कपावर होते. मामा खाली बसला. बक्षीस समारंभ झाला, किशाला खांद्यावर घेतलं, बाजा वाजला. निवड करणारे उठताना एकमेकांना म्हणाले, शेवटच्या चढाईला रेघ सांभाळता येत नाही तो जिल्ह्याला काय उपयोगाचा. हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी पंपघराच्या दारावरचा शब्द पुसलेला होता. आठ दिवस दार कोरं. पाणी वेळेवर येत होतं, मामा कोणावर रागावत नव्हता आणि कोणाशी बोलतही नव्हता. जनीआतेने मुद्दाम दोनदा भांडण काढून बघितलं. तो नुसता "बरं" म्हणाला आणि टाकीकडेही गेला नाही. ती घाबरून आईकडे आली, "त्याला डॉक्टरकडं न्या गं, त्यो मला कायच बोलत न्हाय."

रविवारी मिस्सा झाल्यावर तो चर्चच्याच कपड्यांत माझ्या दारात आला. "टेम्पो काढ. खाडीपल्याड जायाचंय."

वाटेत मी विचारलं, फादरने पाठवलं का. "फादरला अजून सांगितलंच न्हाय," तो म्हणाला. "फादर माफ करील. पण ज्याचं गेलंय त्याच्याकडं आधी जायाला नको?" मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "सहनशीलता सांभाळाया गेलो आन न्याय सांडला. एकेक करून धरायचे न्हाईत हे. एक धरला का दुसरा निसटतो."

सागर दारात जाळं विणत बसला होता. आईबाप, शेजारी, संघाची पोरं, बघता बघता तीसेक माणसं गोळा झाली. मामा उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "त्या दिवशी माझे डोळे मिटले व्हते. न बघता मी तुला बाद दिला. आन मला ते तिथंच कळलं व्हतं, तरी बक्षीस होईपर्यंत मी गप बसलो. हे मी केलं." मी टेम्पोच्या आडोशाला उभा होतो. आता तो माझं नाव घेणार, असं मला वाटत होतं. त्याने घेतलं नाही.

सागरने जाळं बाजूला ठेवलं. "सर," तो म्हणाला, "मला वाटत व्हतं पाय आतच हाय. पण तुमी दिलं म्हणून मी म्हटलं, गेला असंल. आठ दिस मी माझ्याच पायाला शिव्या घालतोय."

मामा हे ऐकून रडला. मोठ्याने नाही, पण सगळ्यांना दिसेल असा. सागर त्याला थोपवायला उठला नाही. "राग न्हाय असं मी बोलणार न्हाय," तो म्हणाला. "हाय राग. जागा गेली ती गेली." त्याच्या आईने मात्र पाण्याचा तांब्या आणून मामासमोर ठेवला.

पुढचं सगळं झटपट झालं. मामाने कबड्डीच्या संघटनेला लिहून दिलं. त्यांनी निकाल बदलला नाही आणि मामाची शिट्टी काढून घेतली. पंचच असं लिहून द्यायला लागला तर उद्या कोणी निकाल मानणार नाही, असं त्यांचं म्हणणं. तेही अगदी खोटं नव्हतं. गावात तर आगडोंब. कप कोणी मागितला नव्हता, पण त्याची चव गेली. सगळ्यात जास्त पेटला तो किशा. ज्याचं लग्न मामाच्या खरं बोलण्याने जमलं तोच भर चौकात मामाला फितूर म्हणाला. गावाने ठरवलं, इनासशी बोलायचं नाही. मामा म्हणायचंही नाही, नुसतं इनास.

आता पाणी सोडणाऱ्याला वाळीत टाकायचं म्हणजे कसं, याचा विचार कोणी केलेला नव्हता. बायका हंडे घेऊन यायच्या आणि तोंड मिटून भरायच्या. जनीआतेचे हाल तर बघवत नव्हते. पाणी कमी आलं तर तक्रार करायची कशी? ती पंपघरासमोर उभी राहून हातवारे करायची, आधी हंडा दाखवायची, मग बोटं मोजायची, मग स्वतःच्या कपाळावर मारायची. मामा गंभीरपणे बघायचा आणि पाच मिनिटं पाणी वाढवून द्यायचा. हसायला यायचं आणि वाईटही वाटायचं. माणूस उतरला होता. पाणी सोडणं ही त्याची नोकरी होती, पण पंच म्हणून आपला शब्द लोक मानतात यावर तो जगत होता. तोच आता राहिला नव्हता. मी त्याच्याशी बोलायचो, पण घरी जाऊन, मागच्या दाराने. एवढंच माझं धाडस.

मे महिन्यात एक दिवस सागर मोटारसायकलवरून आमच्या मंडळात आला. आमच्या गावच्या समुद्रावर ओहोटीला एक सामना खेळू, म्हणाला, मैत्रीचा, कपबिप काही नाही. अट एकच, पंच इनास सर.

किशा उसळला. "का? त्यानं चूक केली असं तूच बोलतोस ना?"

"केली," सागर म्हणाला. "आन ती सांगाया खाडीला वळसा घालून आला. दुसरा कोण आला असता? त्याच्यासमोर हरलो तरी मला झोप लागंल."

किशा तयार झाला, पण तो खुन्नस म्हणून. खरं तर आपणच जिंकलो होतो हे दाखवायचं होतं त्याला. मामा तयार होईना. शिट्टी काढून घेतलीय, मला हक्क नाही, म्हणाला. फिलूमामी भाकऱ्या थापत होती. वळून न बघता म्हणाली, "शिट्टी संघटनेची व्हती. तोंड तुमचं हाय ना? मग तोंडानं बोला."

म्हणून त्या दिवशी समुद्रावर पंच शिट्टीशिवाय उभा होता. ओल्या वाळूत काठीने रेघा मारलेल्या, दोन्ही गावं दोन बाजूंना, आणि मी उलट्या ठेवलेल्या टबवर गुणांचा कागद घेऊन. आमच्या बाजूने कोणी मामाकडे बघत नव्हतं. तो "बाद" ओरडला की आमची पोरं कुजबुजायची, "बघितलं का डोळे उघडून?" मामाला ऐकू जात होतं. कान लाल होत होते, डोळे मिटत नव्हते.

शेवटची पाचेक मिनिटं राहिली तेव्हा आम्ही एका गुणाने पुढे होतो. किशा चढाईला गेला. एकाला हात लावला आणि चौघांनी त्याला कोपऱ्यात घेरला. त्या झटापटीच्या आधी की नंतर, त्याचा पाय रेघेकडे गेला. माणसांचा नुसता ढीग. त्यातून किशा सापासारखा निसटला आणि हात वर करत परत आला. आमच्या बाजूने ओरडा झाला. खाडीपल्याडची माणसं रेघेकडे बोटं दाखवायला लागली, पण रेघ पुरी मोडून गेली होती.

सगळे मामाकडे वळले. हा आता काय देतो त्यावर त्याचं उरलंसुरलं नाव होतं. किशाला गुण दिला तर गावाला भ्याला, बाद दिला तर फितूर तो फितूरच. मामा मधे आला आणि दोन्ही गावांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मला दिसलं न्हाय."

एवढ्या वर्षांत मी कुठल्या पंचाच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. मग तो किशाकडे वळला. आवाज अगदी साधा. "किशोर, तुझा पाय भायेर गेला का?"

मी भावाला ओळखतो. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला बसल्या जागी दिसत होतं. मागे अख्खं गाव. दोन महिने ज्याला फितूर म्हटलं तो माणूस समोर, आणि विचारतोय त्यालाच. नाही म्हणाला असता तर मामाने ते धरलं असतं, हेही त्याला माहीत होतं. आमच्या पोरांतलं कोणीतरी हळूच म्हणालं, "न्हाय बोल."

किशाने कमरेवरचे हात खाली सोडले. "गेलता, मामा," म्हणाला, आणि स्वतःच्या पायाने बाहेर जाऊन बसला.

'मामा' हा शब्द त्याच्या तोंडून दोन महिन्यांनी आला होता. मामाने हात वर केला, "बाद," आणि पुढे म्हणाला, "चला, खेळा." मी समोरच्यांचा गुण लिहिला. किशा बाहेर, त्यामुळे आम्ही तीन गुणांनी हरलो. पण हरल्यावर जनीआते सगळ्यांत पुढे झाली आणि मामासमोर उभी राहून बोलायला लागली, दोन महिन्यांचं साठलेलं सगळं, पाण्यापासून सुरुवात करून. मामा ऐकत उभा होता. त्याला इतका सुखी मी आधी कधी बघितला नव्हता.

पांगापांग झाल्यावर मी त्याच्याजवळ गेलो. किशाचं बघून मला राहवत नव्हतं. "मामा," मी म्हटलं, "त्या दिवशी टेबलापाशी तुला गप बसवलं ते मी. तू कुठंच माझं नाव घेतलं न्हाईस. चूक माझी व्हती."

मामाने माझ्याकडे बघितलं आणि हसला. "मला काय सांगतोस येड्या? मला म्हाईत हाय. ज्यांना म्हाईत न्हाय त्यांना सांग."

आणि तो निघाला. सागरच्या आईने त्याच्यासाठी सुरमई पाठवली होती. ती एका हातात, चपला दुसऱ्या हातात, पँट गुडघ्यापर्यंत वर केलेली, पाणी भरायला लागलेल्या वाळूवरून तो किशा आणि पोरांच्या मागोमाग चालत गेला. दोन्ही गावांची माणसं अजून तिथेच होती. मला ओरडून सांगता आलं असतं. मी टेम्पो सुरू करायला गेलो.

त्याच पावसाळ्यात मामा झोपेत गेला. खांदा द्यायला किशा पुढे होता, सागर होता, मीही होतो. तिथेही मी बोललो नाही. याला आता दोन वर्षं झाली. गावात अजून सगळे म्हणतात, इनासमामाच्या हातून आयुष्यात एकदाच चूक झाली आणि एकदाच तो गप बसला.

तो गप बसला नव्हता. मी बसवला होता. ज्यांना माहीत नव्हतं, त्यांना आज सांगितलं.